किनाऱ्यावरच्या वाळूत सापडलेली बुरशी 'नवी' कशी ठरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर फिरणारे हौशी निरीक्षक, एमएस्सीचे विद्यार्थी आणि पावसात गावी आलेली मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. खायच्या अळंब्या ओळखायच्या असतील, तर इथे त्याची माहिती मिळणार नाही.

नुसत्या वाळूत बुरशी जगते तरी कशी?

नुसत्या वाळूत ती जगत नाहीच. भरतीच्या रेषेच्या वर, वारा वाळू आणून टाकतो तिथे मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा ही पहिली झाडं धरतात आणि बुरशीचं पोट त्यांच्यावर चालतं. काही बुरशी मेलेली मुळं आणि गाडला गेलेला पाचोळा कुजवून जगतात. काही जिवंत मुळांत शिरून झाडाशी देवाणघेवाण करतात: झाडाला फॉस्फरस आणि पाणी मिळतं, बुरशीला साखर मिळते. या दुसऱ्या गटाचे तंतू वाळूचे कण एकमेकांना धरूनही ठेवतात.

युरोपातली सॅथिरेला अ‍ॅमोफिला ही छोटी तपकिरी छत्री पहिल्या प्रकारातली. मॅरम नावाच्या किनारी गवताच्या जुन्या मुळांवर ती उगवते. वर दिसते ती जेमतेम दोन-चार सेंटिमीटरची टोपी. देठाचा बराचसा भाग वाळूत असतो. वरून खुडली, तर ती कशावर उगवली होती हे कळायची सोयच उरत नाही.

आपल्याकडे शोधायचं कुठे आणि कधी?

पहिले जोरदार पाऊस होऊन गेले की सुरुवात करा. समुद्राकडून आत येत चला आणि प्रत्येक पट्टा वेगळा पाहा: वेलींचा, केवड्याचा, निर्गुंडीच्या झुडपांचा, मग सुरूचं बन. गोव्यात मोरजी, मांद्रे, केरी, गालजीबाग आणि इकडे गुहागर-वेळासच्या बाजूला हे पट्टे अजून काही ठिकाणी ओळखता येतात. हॉटेलांनी वाळूची टेकडी सपाट केली आहे तिथे वेळ घालवू नका. तिथे लॉनवरच्या कुत्र्याच्या छत्र्या मिळतील, वाळूतल्या नाहीत.

सुरूच्या बनात वेगळी छत्री मिळाली. स्थानिक नवी जात असेल ना?

इथेच सर्वांत जास्त फसगत होते. सुरूचं झाड आपल्या किनाऱ्याचं नाही. कारवारच्या किनाऱ्यावर ते 1868 च्या सुमारास लावल्याची नोंद आहे, आणि नंतर वाळू धरून ठेवायला, जळणासाठी ते सगळीकडे लावलं गेलं. झाड जिथून येतं तिथून त्याच्या मुळांच्या बुरशीही येऊ शकतात. सुरू आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांच्याखाली मिळणारा पिसोलिथस (फोडल्यावर आत बारीक दाण्यांसारखे कप्पे दिसतात आणि हात तपकिरी होतात) हे ठळक उदाहरण. त्यामुळे सुरूखालची 'नवी' छत्री भारतीय यादीत नसली, तरी ऑस्ट्रेलियाच्या किंवा आग्नेय आशियाच्या यादीत कधीचीच असू शकते. तिथलं साहित्य पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

युरोपातल्या वाळूच्या टेकड्यांवर सरपटणारा विलो असतो. त्याच्या मुळांशी जोडलेल्या इनोसायबी वगैरे छत्र्या तिथे भरपूर मिळतात. इनोसायबी ड्युनेन्सिस हे नाव 1960 मध्ये दिलं गेलं ते अशाच अधिवासावरून. आपल्या टेकड्यांवर विलो नाही, आणि मुळांना बाहेरून वेढणाऱ्या बुरशींशी नातं ठेवणारी मूळची झाडंही तिथे फारशी नाहीत. म्हणून युरोपियन मार्गदर्शिका हातात धरून मोरजीच्या वाळूत नाव शोधणं जवळपास व्यर्थ.

छत्री सापडली. आता काय करायचं?

आधी काढू नका. जागेवरचे फोटो घ्या: वरून, बाजूने आणि आजूबाजूच्या झाडांसकट. मग देठापासून बोटभर लांब चाकू किंवा खुरपं घालून, खालचं मूळ-काटकी जे काही असेल त्यासह उचला. लहान, मध्यम आणि पूर्ण उमललेली अशा वेगवेगळ्या वयाच्या छत्र्या घ्या. टोपीच्या कडेला किंवा देठावर असलेला पातळ पडदा पूर्ण वाढलेल्या छत्रीत गळून गेलेला असतो, आणि ओळख अनेकदा त्याच्यावर ठरते.

वाळू झटकायला मऊ ब्रश घ्या, पाणी नको. पण देठाच्या तळाला चिकटलेली वाळू तशीच राहू द्या; ती चिकटलेली आहे, की तंतूंनी बांधून ठेवली आहे, हेसुद्धा एक लक्षण आहे.

रंग, वास, दुधासारखा रस येतो का, दाबल्यावर डाग पडतो का, हे तिथल्या तिथे लिहा. घरी पोहोचेपर्यंत निम्मं गेलेलं असतं. वासाच्या बाबतीत संकोच करू नका. 'ओल्या पिठासारखा', 'कच्च्या बटाट्यासारखा', 'सुक्या बोंबलासारखा' असं लिहिलेलं नंतर खरंच उपयोगी पडतं. 'विशिष्ट वास' याचा उपयोग शून्य.

मोबाइलवर उत्तम फोटो आहेत. नमुना ठेवलाच पाहिजे का?

हो. फोटोवरून बुरशीच्या नव्या जातीचं वर्णन होत नाही. बीजाणूंचा आकार फोटोत मोजता येत नाही, डीएनए काढता येत नाही आणि दहा वर्षांनी कुणी शंका घेतली तर दाखवायला काहीच नसतं.

पावसाळ्यात नमुना वाळवायचा कसा?

बीजाणूंचा ठसा आधी घ्या. टोपी कापून, पाती (टोपीखालचे पातळ पडदे) खाली करून काचपट्टीवर किंवा ॲल्युमिनियम फॉइलवर ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर सोडा. वाळूचे कण पडले तर पडू देत, बीजाणू त्यांच्यामध्येही पडतात. मग छत्री चाळीस-पंचेचाळीस अंश सेल्सिअसला, फळं सुकवायच्या यंत्रात, मोडल्यावर कट्कन आवाज येईपर्यंत वाळवा. उन्हात ठेवून किंवा बल्बखाली गरम करून कोकणातल्या जुलैत काम होत नाही. वाळण्याआधी अळ्या आणि दुसरी बुरशी जेवून जातात. डीएनएसाठी टोपीचा लहानसा तुकडा वेगळा काढून सिलिका जेलमध्ये ठेवा.

वाळलेला नमुना, चिठ्ठीसह, हवाबंद पिशवीत. चिठ्ठीवर तारीख, जागा, अक्षांश-रेखांश, खाली कोणतं झाड, कुणी गोळा केलं. चिठ्ठी नसलेला नमुना टाकून दिलात तरी चालेल.

सूक्ष्मदर्शकाखाली नेमकं काय मोजतात?

बीजाणूंची लांबी आणि रुंदी, आणि त्या दोहोंचं गुणोत्तर. एका छत्रीतले वीस-तीस तरी बीजाणू मोजा आणि एकाहून अधिक छत्र्यांतले मोजा, कारण एकाच छत्रीतही लहान-मोठे असतात. त्यानंतर बीजाणू धरणाऱ्या पेशी, पात्यांच्या कडेवरच्या वंध्य पेशी, टोपीच्या सालीची रचना, तंतूंच्या जोडांवर गाठी आहेत की नाहीत. आयोडीन असलेल्या मेल्झरच्या द्रावणात बीजाणू निळे-काळे होतात, लालसर तपकिरी होतात, की काहीच होत नाहीत, हेही नोंदवायचं. आणि चित्र हातानं काढायचं. फोटो एकाच पातळीवर स्पष्ट असतो; हातानं काढलेल्या चित्रात वेगवेगळ्या पातळ्यांवर पाहिलेलं एकत्र येतं. ही सवय विद्यार्थ्यांत कमी होत चालली आहे, याचं वाईट वाटतं.

डीएनए तपासला की प्रश्न मिटला, नाही का?

नाही. बुरशींसाठी आयटीएस हा डीएनएचा साधारण पाचशे ते सातशे अक्षरांचा तुकडा 2012 मध्ये ओळखीचा प्रमाण तुकडा म्हणून सुचवला गेला आणि आता बहुतेक सगळे तोच आधी वाचतात. तो वाचून जेनबँक किंवा युनाइट या डीएनए क्रमांच्या डेटाबेसमध्ये शोधला की सर्वांत जवळचे जुळणारे क्रम समोर येतात. 'सत्त्याण्णव टक्क्यांखाली जुळलं म्हणजे नवी जात' हा अंदाजाचा आकडा आहे, नियम नव्हे. फ्युझेरियम, ॲस्परजिलस, ट्रायकोडर्मा यांच्यात वेगवेगळ्या जातींचे आयटीएस जवळजवळ सारखे निघतात. तिथे आरपीबी2, टीईएफ1 असे इतर जनुक वाचावे लागतात. उलट काही गटांत एकाच जातीत बऱ्यापैकी फरक असतो.

त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. डेटाबेसमध्ये तुमच्या बुरशीशी जुळणारं काही नाही, याचा अर्थ तिचा डीएनए तिथे कुणी टाकलेला नाही, एवढाच. भारतातल्या कितीतरी बुरशींची वर्णनं एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात फक्त रूपावरून झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी सिक्कीम-खासी भागातून धाडलेले नमुने इंग्लंडमध्ये कवकशास्त्रज्ञ बर्कलीने पाहून नावं दिली, आणि असे नमुने आज लंडनच्या क्यू उद्यानाच्या संग्रहात आहेत. तिथे बुरशींचे साडेबारा लाखांच्या आसपास नमुने आहेत. त्यातले बहुतेक कुणी क्रमवाचनासाठी उघडलेले नाहीत. तुमची 'नवी' जात तिथल्या एखाद्या पाकिटात दीडशे वर्षं पडून असेल, तर डेटाबेस तुम्हाला ते सांगणार नाही.

याशिवाय डेटाबेसमधल्या नावांवर आंधळा विश्वास नको. क्रम टाकणाऱ्यानं बुरशी चुकीची ओळखली असेल, तर ती चूक तिथेच राहते आणि पुढचे लोक तिच्यावर घर बांधतात. जुळणारा क्रम टाइप नमुन्याचा, म्हणजे नाव ज्याच्याशी बांधलेलं असतं त्या मूळ नमुन्याचा, आहे का, हे आधी पाहा.

मग 'नवी' हे सिद्ध कसं करतात?

आपली बुरशी तिच्या प्रत्येक जवळच्या नातेवाइकापेक्षा कशात वेगळी आहे, ते एकेक करून दाखवायचं. त्यासाठी जुनी वर्णनं वाचायची, गरज पडली तर मूळ नमुने मागवून बीजाणू पुन्हा मोजायचे, आणि मूळ नमुना खराब झाला असेल तर मूळ जागेवर जाऊन ताजा गोळा करायचा. कामाचा बराचसा वेळ यात जातो. किनाऱ्यावर घालवलेला त्या मानानं काहीच नाही.

वाळूतल्याच एका बुरशीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. हाद्रियानुस युनिउस या डच वैद्यानं 1564 मध्ये डेल्फ्टला एक पुस्तिका छापली: हॉलंडच्या वाळूच्या टेकड्यांवर उगवणाऱ्या, लिंगाच्या आकाराच्या, घाण वासाच्या बुरशीचं सचित्र वर्णन. केवळ एका बुरशीवर लिहिलेल्या सर्वांत जुन्या छापील लिखाणांपैकी ते एक. पण नामकरणाच्या नियमांत 1753 च्या आधीचं काही धरलं जात नाही. लिनियसनं 1753 मध्ये फॅलस इम्प्युडिकस हे नाव दिलं, आणि टेकड्यांवरची जात वेगळी म्हणून फॅलस हॅड्रिॲनी हे नाव व्हाँतना यांनी 1798 मध्ये दिलं, युनिउसच्या पहिल्या नावावरूनच. दोन्हींतला सोपा फरक तळाच्या पिशवीत दिसतो: जंगलातल्या जातीची पांढरी, टेकडीवरच्या जातीची गुलाबी-जांभळट. म्हणजे ज्यानं वाळूत पाहिली, लिहिली, चित्र छापलं, त्याच्या नावे जातीचा शोध लागत नाही. पण जातीच्या नावात तो कायमचा राहिला.

एकच छत्री मिळाली तर जात जाहीर करता येते?

नियम आडवा येत नाही. पण करू नये, असं माझं मत आहे. एकट्या नमुन्यात कुठली गोष्ट जातीची आणि कुठली त्या दिवशीच्या उन्हा-वाऱ्याची, हे सांगता येत नाही, आणि वाळूवर टोपी काही तासांत सुकून रंग बदलते. पुढच्या पावसाची वाट पाहा.

टाइप नमुना म्हणजे काय, आणि तो कुठे ठेवायचा?

नाव ज्याच्याशी कायमचं बांधलं जातं तो नमुना. पुढे कुणाला 'ही तीच का?' असा प्रश्न पडला, तर निकाल त्या वाळलेल्या छत्रीवर होतो, तुमच्या लेखावर नाही. 1958 पासून टाइप सांगितल्याशिवाय नव्या जातीचं नाव वैध होत नाही. टाइप म्हणून वाळलेला नमुना चालतो किंवा प्रयोगशाळेत वाढवून मग वाढ थांबवून ठेवलेली बुरशी. नुसता डीएनए क्रम चालत नाही.

घरातल्या कपाटात टाइप ठेवू नका. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत कवकशास्त्रज्ञ एस. एल. अजरेकर यांच्या नावानं चालणारा कवकसंग्रह आहे (संक्षेप एएमएच), आणि जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच. दिल्लीला भारतीय कृषी संशोधन संस्थेत एचसीआयओ हा जुना संग्रह आहे. जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 39 प्रमाणे नव्या जातीची माहिती सरकारनं नेमलेल्या संग्रहाला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे, हे अनेक हौशी मंडळींना माहीतच नसतं.

वाळूच्या टेकडीवर गोळा करायला परवानगी लागते का?

जागेवर अवलंबून आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संवेदनशील वर्गात, म्हणजे सीआरझेड-1अ मध्ये येतात. कासवांच्या विणीच्या किनाऱ्यांवर वनखात्याला विचारल्याशिवाय वाळूत हात घालू नका. खासगी बागायत असेल तर मालकाला विचारा. कोकणात हे सांगावं लागू नये, पण लागतं. नमुना परदेशी पाठवायचा झाला तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचा, पार्सल नंतर बांधा.

छत्री न दिसणाऱ्या बुरशींचं काय?

खरं तर किनाऱ्यावरचं नवं बहुतेक इथेच दडलंय, आणि त्यासाठी पावसाची वाटही पाहावी लागत नाही.

एक गट मुळांच्या आत राहणाऱ्या बुरशींचा. त्यांची छत्री कधीच येत नाही. वाळूत सुटे बीजाणू मिळतात. गिगास्पोराचे बीजाणू तर इतके मोठे, की काळ्या कागदावर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मर्यादवेलीच्या मुळाजवळची वाळू बादलीत पाण्यात ढवळायची, क्षणभर थांबून वरचं पाणी एकाखाली एक लावलेल्या बारीक चाळण्यांतून ओतायचं. वाळू जड म्हणून झटकन तळाला बसते, त्यामुळे हे काम शेतातल्या चिकण मातीपेक्षा इथे कितीतरी सोपं होतं. चाळणीवर उरलेल्यातून बीजाणू सुईनं किंवा पिपेटनं उचलायचे. अडचण अशी, की वाळूतले बीजाणू जुने, घासलेले, इतर बुरशींनी पोखरलेले असतात आणि वर्णनाला लागणारे भिंतीचे थर त्यांच्यात नीट दिसत नाहीत. म्हणून तीच वाळू कुंडीत घालून त्यावर ज्वारी लावतात आणि काही महिन्यांनी नव्या मुळांवर आलेले ताजे बीजाणू तपासतात. गोवा विद्यापीठात बर्नार्ड रॉड्रिग्ज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, तर मंगळूर विद्यापीठात के. आर. श्रीधर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्याच्या टेकड्यांवर या गटाचं बरंच काम केलं आहे. आधी ते वाचा.

दुसरा गट भरतीच्या पट्ट्यातला. कोरोलोस्पोरा मॅरिटिमा हे नाव 1922 मधलं. हिची काळी, गोल, टाचणीच्या टोकाहून लहान फळं चक्क वाळूच्या कणांना चिकटलेली असतात. बीजाणूंना शेपट्यांसारखे तंतू असतात, त्यामुळे ते लाटांच्या फेसात अडकून राहतात. समुद्राचा फेस चमच्यानं बाटलीत भरा, बसू द्या, तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घाला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या अशा सागरी बुरशींवर बी. डी. बोरसे यांनी काम केलं आहे. मुलांना बुरशी दाखवायची असेल तर मी फेसापासूनच सुरुवात करतो.

नाव मी ठेवू शकतो का?

वर्णन प्रसिद्ध करणारा नाव ठेवतो. नाव लॅटिन व्याकरणात बसलं पाहिजे आणि त्या प्रजातीत (जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द) आधी वापरलेलं नसलं पाहिजे. वाळूतल्या बुरशींना अ‍ॅरेनिकोला, अ‍ॅमोफिला, ड्युनेन्सिस अशी नावं इतकी दिली गेली आहेत, की आधी यादी तपासावी लागते. व्याकरणातल्या लिंगाचा गोंधळ सांभाळा: 'वाळूत राहणारी' या अर्थाचं अ‍ॅरेनिकोला नाम असल्यानं बदलत नाही, पण मॅरिटिमा हे विशेषण प्रजातीच्या लिंगानुसार मॅरिटिमस किंवा मॅरिटिमम होतं. स्वतःचं नाव देण्याला नियमात बंदी नाही. पण लोक हसतात.

वर्णन लॅटिनमध्येच लिहावं लागतं?

आता नाही. 1 जानेवारी 2012 पासून लॅटिन किंवा इंग्रजी, कोणतंही चालतं, आणि आयएसएसएन असलेल्या ऑनलाइन पीडीएफमधलं प्रकाशनही ग्राह्य धरतात. मराठीत लिहिलेलं वर्णन एकटं पुरत नाही. 1 जानेवारी 2013 पासून मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स यांपैकी एका नोंदवहीत नाव नोंदवून मिळालेला क्रमांक लेखात छापावा लागतो. क्रमांक घेतला पण लेख आलाच नाही, तर जात जन्मलीच नाही असं समजायचं. समाजमाध्यमावर 'नवी जात सापडली' असं टाकणं म्हणजे प्रकाशन नव्हे. भारतीय कवकशास्त्र परिषदेचं 'कवक' हे नियतकालिक आहे, बाहेर फायटोटॅक्सा वगैरे आहेत.

दिलेलं नाव कायम राहतं का?

तुमची जात आधीच माहीत असलेली निघाली, तर जुनं नाव टिकतं आणि तुमचं समानार्थी म्हणून यादीत जातं. प्रजाती बदलली तर नावाचा दुसरा शब्द सहसा तसाच राहतो आणि मूळ लेखकाचं नाव कंसात जातं. वर आलेली सॅथिरेला अ‍ॅमोफिला मुळात ॲगॅरिकसमध्ये होती; कवकशास्त्रज्ञ ऑर्टन यांनी 1960 मध्ये ती हलवली. यात कुणाचा अपमान नाही.

मी शास्त्रज्ञ नाही. माझं नाव कुठे येईल?

गोळा करणारा म्हणून टाइपच्या चिठ्ठीवर आणि लेखात नक्की. तुम्ही मोजमापं घेतली, मजकुरात भाग घेतला, तर लेखक म्हणूनही. हे काम सुरू होण्याआधी स्पष्ट बोलून घ्या. दरवर्षी जगात दोन हजारांहून जास्त नव्या बुरशींना नावं मिळतात, आणि त्यात हौशी लोकांनी गोळा केलेले नमुने काही थोडे नसतात.

यातली एखादी खाऊन पाहिली तर?

नाही. जिला नाव नाही, तिच्या विषाचाही पत्ता नाही. इनोसायबीच्या अनेक जातींत मस्करीन हे विष असतं.

आमच्या गावच्या पुळणीवर दर वर्षी एकच छत्री येते, कुणाला पाठवू?

जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागात आधी विचारा. बुरशींवर काम करणारं कुणी असेल तर उत्तम, नसेल तर ते पुढचा पत्ता सांगतात. वाळवलेला नमुना, ठसा, फोटो आणि पूर्ण चिठ्ठी एकत्र पाठवा. निम्मा नमुना स्वतःकडे ठेवा, पार्सलं हरवतात. आणि त्या जागेवर पुढच्या पावसात पुन्हा जा, कारण पाहणारा पहिला प्रश्न हाच विचारेल: अजून आहे का?